दहा प्रकारची पुस्तकं

आईने पट्टी ठेवून 'कादंबरी' हा शब्द लाल शाईने खोडला. शेजारी 'बॉयलर' असं लिहिलं आणि खाली बारीक सही केली.

"सही कशाला?" वरदाने विचारलं.

"खाडाखोड केली की सही लागते. तीस वर्षं वीज मंडळात दुसरं काय केलं मी?"

"आणि कादंबरीचं काय झालं?"

"पन्नास पानं झाली, अजून कुणी जेवलं नाही त्यात. मला नाही जमत बाई."

यादी वरदाने केली होती. आई ऑगस्टमध्ये नागपूरहून इंग्लंडमध्ये मेडनहेडला आली, सहा महिन्यांच्या व्हिसावर. वरदा औषधांच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची, सकाळी सातला घराबाहेर पडायची. आई दिवसभर एकटी. म्हणून दहा प्रकार ठरवले, प्रत्येकातलं एक पुस्तक, व्हिसा संपायच्या आत. कादंबरी, कविता, चरित्र, प्रवास, नाटक, विज्ञान असं सगळं. प्रत्येकापुढे एक चौकोन. लायब्ररी चालत बारा मिनिटांवर होती. कार्ड वरदाचं, निवड आईची.

निवड मात्र वेगळीच व्हायला लागली. कवितेच्या जागी गाडी चालवण्याचे नियम आले. चरित्राच्या जागी थेम्सच्या पुरांचा इतिहास. प्रवासाच्या जागी गावाचा नकाशा आणि बसचे मार्ग. नाटक खोडून घरगुती प्रथमोपचार, विज्ञान खोडून भिंतींची ओल आणि बुरशी. प्रत्येक खाडाखोडीशेजारी सही, तारखेसकट. आई इंग्रजी सावकाश वाचायची, अडलेला शब्द फोनवर बघायची, दिवसाला सात-आठ पानं.

जेवताना प्रश्न यायचे.

"आपलं प्रेशर किती आहे गं?"

"तुझं? गोळी घेतलीस ना?"

"माझं नाही, बॉयलरचं. एकच्या खाली गेलं की पाणी भरावं लागतं."

वरदा उठून घर आणि पाणी तापवणारा बॉयलर बघायला गेली. तीन वर्षं ती या घरात राहत होती, पण त्या छोट्या काट्याकडे तिने कधी पाहिलं नव्हतं. काटा एकच्या जरा वर होता.

"ठीक आहे मग," आई म्हणाली आणि भात वाढला.

नोव्हेंबरात 'एकट्यापुरता स्वयंपाक' नावाचं पुस्तक आलं. आपण कामावर गेल्यावर आई दुपारचं स्वतःपुरतं करत असणार, असं वरदाने गृहीत धरलं. एव्हाना तिचा निष्कर्ष तयार होत होता. नमुना लहान होता, पण सगळे बिंदू एकाच रेषेवर पडत होते. जो देश फेब्रुवारीत सोडायचा, तिथल्या बुरशीचा अभ्यास कुणी करत नाही.

तिने आईला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने राहणं आपल्याला किती हवंय ते आवाजावरून कळलं असतं. संध्याकाळी घरी येताना कोपऱ्यावरून स्वयंपाकघराचा दिवा दिसायचा. तीन वर्षं तो दिवा तिने स्वतःच जाऊन लावला होता. आता ती कोपऱ्यावर थोडी थांबायची आणि मग चालायला लागायची.

कामावरच्या मिलिंदने व्हिसाची कामं बघणाऱ्या एका वकीलबाईंचा नंबर दिला. जेवणाच्या सुट्टीत वरदा जिन्यात उभी राहून त्यांच्याशी बोलली.

"अवघड आहे," त्या म्हणाल्या. "अशा अर्जांना बहुतेक नकारच येतो. पण आधी हे सांगा, तुमच्या आईला इथे राहायचं आहे का?"

"हो," वरदा म्हणाली.

त्या दिवशी ती घरी आली तेव्हा आई नवव्या चौकोनात खूण करत होती. 'कौन्सिल, कचरा आणि भाडेकरूंचे हक्क.' वरदाने कोट काढला नाही. तशीच खुर्चीवर बसली.

"आई, मी एका वकीलबाईंशी बोलले. तुला इथेच ठेवून घ्यायचं असेल तर अर्ज करता येतो."

आईने पेनाचं टोपण लावलं.

"तुला कुणी सांगितलं, मला राहायचंय म्हणून?"

"तुझ्या यादीने." वरदाने कागद ओढून त्यावर बोट ठेवलं. "परत जाणारं माणूस एवढं सगळं कशाला शिकेल?"

आईने 'बॉयलर' या शब्दावर बोट ठेवलं.

"मागच्या वर्षी डिसेंबरात तुझ्याकडे चार दिवस गरम पाणी नव्हतं," ती म्हणाली. "तू फोनवर सांगत होतीस आणि मी नुसतं 'हो का, हो का' करत होते. दुसरं काय बोलणार? तुझ्या घरात काय आहे, तेच मला ठाऊक नव्हतं. मग तू सांगणंच बंद केलंस. विचारलं की म्हणायचीस, सगळं ठीक आहे."

वरदाने कोटाची बटणं सोडवली.

"नागपूरला माझं घर आहे. तुझे काका-काकू आहेत, शेजारपाजार आहे. मला जायचंच आहे, वरदा. पण असं काही न कळता जायचं नव्हतं."

तिने पिशवीतून एक जाड पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. औषधांचे नमुने कसे तपासतात, त्याबद्दलचं होतं. पहिल्या अकरा पानांत कागदाचे कपटे खोचलेले होते.

"हे दहावं. तुझ्या कामाचं. नवव्यासोबतच सुरू केलं, एका पानाला एक दिवस लागतोय," आई म्हणाली. "एवढं झालं की मला तुला इथे एकटीला ठेवून जाता येईल."