बाक

सहा महिने झाले, सुतार बायकोकडे पाठ करून झोपत होता. मंगळवार उजाडला की मात्र गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आणि "जरा जाऊन येतो." बायकोच्या अंगाचा तिळपापड होई. शेवटी एका मंगळवारी "कोण ती सटवी, बघतेच!" म्हणत ती त्याच्या मागोमाग निघाली, जिना चढली आणि दार ढकलून सरळ आत घुसली.

आत पिकल्या केसांचे डॉक्टर बसले होते आणि नवरा खालमानेनं म्हणत होता, "फळीला बाक आला तर मी रंधा मारतो हो, पण याला काय करू?"

तिचा जीव भांड्यात पडला. डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली आणि समजावलं, "आत इजा झाली, की भरून येताना तिथे कडक गाठ धरते आणि इंद्रिय वाकडं होतं. इंजेक्शनं आहेत, ताण देणारं उपकरण आहे, नाहीच जमलं तर ऑपरेशन."

"एवढंच होय! मेलं मी काय काय मनात आणलं," म्हणत तिने नवऱ्याचा हात हातात घेतला. तो का कुणास ठाऊक, घाईघाईने उठायला लागला.

"आणि ताई, तुम्ही स्वतःला दोष देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "मार्चमधल्या त्या दुपारी दोघंही जोशात होतात, झटका बसला. यांनी सगळं सांगितलंय मला."

 

"मार्चभर तर मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते," नवऱ्याचा हात आणखी घट्ट धरत ती म्हणाली.