पसरवलेला आवाज

आई, भीमाबाई, जाऊन वर्ष झालं, तेव्हा महेंद्रने तिच्या जुन्या कॅसेटमधलं गाणं धसईतल्या घरी कॉम्प्युटरवर उतरवून घेतलं. मागे नवी ढोलकी आणि पेटी घातली. आईचा आवाज त्याने, एका बाजूच्या ध्वनिलहरी उलट्या करून, डाव्या-उजव्या बाजूंना इतका पसरवला, की हेडफोन लावले की ती घरभर गातेय असं वाटायचं. वडिलांना मात्र त्याने काहीच सांगितलं नाही. जयंतीच्या कार्यक्रमात त्यांना अचानक ऐकवायचं होतं.

जयंतीला विहारासमोर एकच भोंगा बांधला होता. महेंद्रने गाणं लावलं. ढोलकी वाजली, पेटी वाजली, पण आई आलीच नाही. पसरवलेल्या आवाजाच्या दोन्ही बाजू, एक सुलटी, एक उलटी, एका भोंग्यात येऊन एकमेकींना पुसून गेल्या होत्या. हे महेंद्रच्या आत्ता लक्षात आलं.

त्याचे वडील, सोमा, भोंग्याखाली डोळे मिटून उभे होते. गाणं संपल्यावर ते जवळ आले.

"तिची जागा कोनाला दिली नाय, बरं केलंस रे. तिच्या ओळी मीच म्हटल्या मनात. पन तिच्यावानी नाय जमलं."

महेंद्रला घरचे हेडफोन आठवले. वडिलांचा हात धरून तो घराकडे निघाला.