दुसरी सही

तिचं आडनाव कळलं आणि खोलीतली दुसरी मुलगी गाशा गुंडाळून पळाली. खोली दोघींत मिळूनच मिळायची; आता पाच वाजेपर्यंत खोलीच्या फॉर्मवर दुसऱ्या मुलीची सही आली नाही, तर वसतिगृह सोडायचं आणि कॉलेजवरही पाणी सोडायचं. चार वाजता ती मुलींनीच चालवलेल्या 'आपण सगळ्या' या चर्चेच्या बैठकीत शिरली आणि लाज गिळून उभी राहिली.

"मी घोरत नाही, पसारा करत नाही. कुणीतरी माझ्या खोलीत राहायला या गं."

दोघीतिघींच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बैठक चालवणारी म्हणाली, "किती धीराची आहेस गं! आण तो फॉर्म इकडे."

फॉर्म हातोहात फिरला. एकेकीचं पेन चालताना पाहून तिच्या जिवात जीव आला.

"अगं, एकच पुरे होती!" ती रडता रडता हसली.

फॉर्म परत आला. समासात, पाठीमागे, जागा मिळेल तिथे सत्तावीस सह्या. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'आम्ही सगळ्या तुझ्या पाठीशी आहोत.'

'खोलीत सोबत राहणारीचं नाव' हा रकाना तेवढा सत्तावीसजणींनी जपून कोरा सोडला होता.