हद्दीच्या आत

मोतीबिंदूच्या ऑपरेशनात आबा इंगवल्यांना फुकटातली भिंगं बसली आणि कोल्हापुरातली हॉकी त्यांना कोल्हापुरात दिसेनाशी झाली. सामना संपेपर्यंत खेळाडू कुठंही असला, तरी त्याच्या जागी नुसता राखाडी डाग दिसायचा. तिकीट काढणाऱ्यालाच खेळ दिसावा, म्हणून भिंगांच्या कंपनीनं केलेली ही सोय. तिकिटं आवाक्याबाहेरची, मग अशीच भिंगं बसलेली पेठेतली सगळी म्हातारी मंडळी टेंपो भरून निपाणीला जायची. जिल्ह्याची हद्द ओलांडली, की टपरीवरच्या टीव्हीत सगळं लख्ख दिसायचं.

आज आबा गेले नव्हते. गोलकीपर लेक अनघा म्हणाली होती, "सामना झाला की जेवायला घरीच येते." रश्श्याला उकळी फुटली, तेवढ्यात शेजारचा तरणा शौकत धावत आला.

"आबा, चला लवकर. अनघाच्या गळ्यावर बॉल बसलाय."

दवाखान्यात खाटेवर राखाडी डाग होता. सामना अजून चालूच होता. आबांनी चाचपडत डागात हात घातला, तशी लेकीची गार बोटं हाताला लागली.

"शौकत, बघतीया का रं माझ्याकडं?"

"तुमच्याकडंच बघतीया, आबा."

"मीबी बघतोय गं बाळा," आबा डागाच्या भलत्याच टोकाकडं बघत म्हणाले.

बोटं हळूहळू सैल पडली. बऱ्याच वेळानं मैदानाकडून सामना संपल्याचा भोंगा ऐकू आला आणि डाग विरला.

आबांना समोर लेकीचे उघडे पाय दिसले. चादर नर्सनं तिच्या तोंडावर ओढली होती.