वायरचं दुसरं टोक

टाकीच्या प्लास्टिकच्या पाइपाला वायरचं एक टोक बांधून गहिनीनाथ उभा राहिला. गुडघ्यात कळ आली. मिरजगावातल्या त्या स्लॅबच्या घरात रेडिओ धड लागत नव्हता, नुसती खरखर. वायरमन गोरक्षनाथने सांगितलं होतं, छतावर वीस फूट वायर ताणा, पुणे केंद्र स्पष्ट लागेल.

दुसरं टोक जिन्यावरच्या सळईला बांधता आलं असतं. पण गहिनीनाथ वायर घेऊन बोळाकडच्या कठड्याशी गेला.

पलीकडचं घर ज्ञानेश्वरचं. बांधावरून भांडण झाल्यापासून गहिनीनाथचा मुलगा कल्याण त्याच्याशी बोलत नव्हता. दोघेही सकाळपासून रानात गेले होते. पलीकडच्या छतावर पुष्पावती एकटीच कुरडया वाळत घालत होती.

"टोक धरायचं का जरा?" गहिनीनाथने विचारलं.

तिने आधी जिन्याकडे पाहिलं. मग पदर खोचून कठड्याशी आली.

"कशाचं?"

"रेडिओचं."

वायरच्या टोकाला नायलॉनची दोरी होती. तिला खडा बांधून त्याने ती फेकली. तिसऱ्यांदा ती तिच्या हाती लागली.

"दोरीच बांधायची. वायर लोखंडाला टेकली न्हाई पायजे."

"व्हय." तिने गाठ मारली. "गुडघा?"

"हाय तसाच. बीपीची गोळी?"

"चालू हाय."

त्याने वायरचा लोंबता फाटा रेडिओच्या एरियलच्या काडीला गुंडाळला. बटण फिरवताच बातम्या लागल्या, अगदी स्वच्छ. आवाज वाढवून त्याने रेडिओ तिच्याकडे तोंड करून कठड्यावर ठेवला. कुरडयांचं पातेलं तसंच टाकून ती हवामान संपेपर्यंत ऐकत उभी राहिली.

"उद्या?" तिने विचारलं.

"वायर ढिली पडंल. बघावीच लागंल."

खाली मोटारसायकल थांबली. कल्याण वर आला. त्याने बोळावरून गेलेली वायर पाहिली, मग पलीकडे पाहिलं. पुष्पावतीने मान खाली घातली.

"सोडा ती," तो हळू आवाजात म्हणाला.

"रेडिओच ऐकतोय. कुनाचं काय जातंय?"

कल्याणने स्वतःच रेडिओ बंद केला.

"जमीन, घर, समदं वाटून झालंय, आण्णा. तुमी माझ्याकडं, आई ज्ञानूकडं."