पेटीवरचा दिवा

"हा बल्ब काढू का, मावशी? नुसती वीज खातोय." विद्याधर स्टुलावर चढलाच होता.

त्याच्या बहिणीची सासू रुक्मिणी स्टोव्हपाशी बसली होती. "काढ, तुला काढायचा तर," ती म्हणाली.

कांजूरमार्गच्या त्या स्वयंपाकघरात आंब्याची पेटी होती. पेटीत कापूस, कापसात वनमालेचं सातव्या महिन्यात जन्मलेलं बाळ. वर शंभरचा बल्ब टांगलेला. सोळा दिवस तो विझला नव्हता. डॉक्टरांनी तशी ताकीदच दिली होती. बाळावर नजर ठेवायला उजेड हवा, असं विद्याधरने धरलं. बोरिवलीच्या दुकानातून तो भाच्यासाठी दोन फुटी ट्यूब घेऊन आला होता.

"भाच्याचं तोंड तरी दाखवा."

"आत्ताच दूध प्यायलंय. उठवू नको."

बाहेरच्या खोलीत वनमाला अंगातल्या तापाने पडून होती. बाळाजवळ जायला तिला मनाई होती. रुक्मिणी रिकामी वाटी घेऊन आली, तशी तिने मान उचलली.

"सगळं घेतलं?"

"सगळं."

"दादा," वनमालेने हाक मारली, "जुन्या बल्बाची सर येईल का रे त्या ट्यूबला?"

"अगं, त्याच्या बापाची येईल!"

ट्यूब दोनदा लुकलुकली आणि लागली. दारातून पांढरा उजेड वनमालेच्या पायांपर्यंत आला. "झकास!" म्हणत विद्याधर हात पुसत बहिणीपाशी येऊन बसला. चहा झाला. घरच्या गप्पा झाल्या. अर्धा तास गेला.

"वीस वॅटमध्ये एवढा उजेड कसा रे?" वनमालेने डोळे मिटूनच विचारलं.

"बल्ब म्हणजे उधळ्या. शंभरातले पाच-सहा वॅट उजेडाला लावतो. बाकीचे सगळे नुसतं तापण्यात घालवतो. ही तापतच नाही."

"मग बाळाला ऊब कसली?"

विद्याधरने हातातली बशी खाली ठेवली.

"बघून येतो," तो उठत म्हणाला.

पेटीच्या कडेला थर्मामीटर बांधला होता. तेहेतीसवर लाल शाईची खूण होती. पारा सव्वीसवर होता. त्याने कापूस बाजूला केला आणि बाळाच्या कपाळाला बोट लावलं. मग छातीला. मग इवल्या तळपायाला. सगळं थंडगार. त्याने घाईघाईने बल्ब परत लावला.

रुक्मिणीने मागून स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"मावशी, मी मारलं त्याला." तो पेटीशी बसला. "माझ्या हातांनी मारलं."

"दादा, झोपलाय ना रे नीट?" बाहेरून वनमालेचा आवाज आला.

रुक्मिणीने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "हो गं, झोपलाय," ती मोठ्याने म्हणाली. मग त्याच्या कानाशी वाकली.

"सकाळी सहालाच गेलं ते, विद्याधर. तिचा ताप उतरेपर्यंत कळू द्यायचं नव्हतं."