बापाचं सोंग

"आता तुम्ही माझे बाबा," समोरच्या पोराने लिहिलं. "मी आत्ताच तुम्हाला सांगितलंय, की माझं एका मुलावर प्रेम आहे आणि मी त्याच्याबरोबरच राहणार आहे. चिडा माझ्यावर."

शिलाई मशीनच्या मिस्त्रीने कपाळावरचा चष्मा नाकावर आणला. दुपारची वेळ. दुकानाचं शटर अर्धं ओढलेलं, काउंटरवर पोट उघडं टाकलेली दोन मशीनं. फोनच्या पडद्यावर मात्र तो मिस्त्री नव्हता. तिथे तो पांढऱ्या मिशांचा, रुंद खांद्यांचा कुणीतरी बाप होता आणि पिवळ्या भिंतींच्या खोलीत खुर्चीवर बसला होता.

एका ऑनलाइन नगरीत सगळे चित्रातली सोंगं घेऊन वावरत; तिथल्या या खोलीला तालीमघर म्हणत. घरी जे तोंडातून निघत नाही, ते इथे आधी बोलून बघायचं. समोरच्याने सासू व्हायचं, साहेब व्हायचं, नवरा व्हायचं. नियम एकच: सोंगामागे कोण आहे ते विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. नियम मोडला की कायमची हकालपट्टी, तिथे गयावया चालत नाही.

बाप वठवण्यात मिस्त्रीचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःचा एकुलता एक ज्याला धरून ठेवता आला नाही, तो इथे गावभरच्या पोरांचा बाप झाला होता. हसावं की रडावं? पण तो काही हौसेने येत नव्हता. मुलगा घरात होता तेव्हा तासन्‌तास याच नगरीत असायचा. घर सोडल्यावर त्याने नंबर बदलला. मित्रांनी कानावर हात ठेवले. पोलिसांनी "सज्ञान आहे हो तो" म्हणून वाटेला लावलं. शोधायला एवढीच एक जागा उरली होती. कधीतरी येईल, बापाशी बोलायची तालीम करायला तरी येईल, म्हणून मिस्त्री रोज दुपारी इथे ठाण मांडायचा.

बायकोला त्याने यातलं काही सांगितलं नव्हतं. तिच्यापुढे पोराचं नाव काढायची सोयच नव्हती. त्याचा फोटो तिनेच भिंतीवरून उतरवला होता. आजही जेवणाचा डबा खाली आणून देताना ती म्हणाली, "मी जरा वर पडते. हाका मारू नका."

"पड, पड," तो घाईघाईने म्हणाला होता. त्याला तेच हवं होतं.

आता त्याने एका बोटाने लिहिलं, "लाज वाटत नाही? लोक काय म्हणतील?"

"छे! असं तर सगळेच बाप बोलतात. माझे ओरडत नाहीत. आधी फडक्याला हात पुसतात. एकेक बोट पुसतात."

"बरं. मग?"

"मग म्हणतात, आजवर एकही मशीन मी भंगारात काढलं नाही. पहिलं तुला काढतो."

मिस्त्रीने ते पुन्हा वाचलं. ते वाक्य त्याने ना शेजाऱ्यांना सांगितलं होतं, ना सख्ख्या भावाला. घराच्या चार भिंतींबाहेर ते कधी गेलंच नव्हतं. आला! पोरगा आला! त्याला खूप मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण ओरडून चालणार नव्हतं. आत्ता विचारलं तर खोली बंद होणार, आणि पोरगा बिथरला तर पुन्हा या वाटेला फिरकणार नाही.

"लिहा ना ते वाक्य," पोराने लिहिलं. "मला एकदा त्याला उत्तर द्यायचंय."

"मी ते लिहिणार नाही."

"मग तुमचा उपयोग काय?"

मिस्त्रीने घाम पुसला आणि आडून विचारलं, "त्यावर तुझी आई काय म्हणाली?"

उत्तर आलं, "काही नाही. खाली मान घालून उभी राहिली."

"राग येतो तिचा?"

"तिचाच जास्त येतो."

मिस्त्रीला बायकोची कीव आली. तिच्या वाटणीचा रागही आपणच ओढवून घेतलेला. "आणि बाबा काय म्हणाले असते म्हणजे तू राहिला असतास?" त्याने विचारलं.

"बस, जेवून घे. एवढं म्हणाले असते तरी पुष्कळ होतं."

मिस्त्रीचे डोळे भरून आले. अरे, एवढंच? एवढ्याशा तीन शब्दांसाठी घर मोडलं आपण?

"जाऊ दे. तुमच्याच्याने नाही होणार," पोराने लिहिलं. "येतो मी." आणि पडद्यावरचा तो निळ्या शर्टातला मुलगा उठून दाराकडे चालायला लागला.

आता कसला नियम आणि कसलं काय! मिस्त्रीचं बोट चुकत होतं, काचेवर पाणी पडत होतं, पण तो लिहीत सुटला. "थांब बाळा. हे सोंग नाही. मी तुझा बाप आहे, खरा बाप, शिलाई मशीनवाला. चुकलं रे माझं. त्या वाक्यानंतर एक घास गोड लागला नाही मला. तुझ्या मित्राला घेऊन ये, दोघं या, पण घरी ये. बस, जेवून घे. तूच आहेस ना? एकदा सांग, तूच आहेस ना?"

पडद्यावर लाल पट्टी आली: नियमभंग, खोली बंद होत आहे. मिस्त्रीने दोन्ही हातांनी फोन घट्ट धरला. निळ्या शर्टातला मुलगा दारात थांबला होता. पलीकडून कुणीतरी लिहीत होतं, थांबत होतं, पुन्हा लिहीत होतं. सांग रे राजा, लवकर सांग.

खोली मिटता मिटता अक्षरं उमटली.

"अहो, तो नाही. मी आहे, वर."